सांधे: माणसाचे, बैलाचे आणि खेकड्याचेही (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे. दिवाळीच्या फराळाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात हाडं आहेत. तो घेऊन शाळांमध्ये, सोसायट्यांमध्ये जातो. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. हा वैद्यकीय सल्ला नव्हे. गुडघा सुजला असेल तर वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

सांधा म्हणजे नेमकं काय?

दोन हाडं जिथे भेटतात ती जागा. ती हललीच पाहिजे असं नाही. कवटीची हाडं एकमेकांत दातेरी शिवणीने बसलेली असतात, तोही सांधाच, फक्त अचल. मणक्यांमध्ये चकत्या असतात, तिथे थोडी हालचाल होते. पण आपण रोजच्या बोलण्यात 'सांधा दुखतो' म्हणतो तो तिसऱ्या प्रकारचा: पिशवीत बंद केलेला, आत वंगण असलेला आणि मोकळा हलणारा. पुढचं बरंचसं त्याच्याबद्दल आहे.

सांध्याच्या आत काय असतं? दाखवता येईल का?

येईल. खाटकाकडून बोकडाचा एक पाया आणा, आणि 'तुकडे नकोत, अख्खा द्या' म्हणून सांगा. तिथे उभं राहून त्याचा हातही बघा. मुरलेला खाटीक हाडावर घाव घालत नाही. अंगठ्याने चाचपून सांध्याची फट शोधतो, सुरीचं टोक आत घालतो आणि पाय काडकन सुटतो. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरीच्या मुलांना हे यायला सहा महिने लागतात.

घरी ओट्यावर वर्तमानपत्र पसरा. खुरांच्या वरच्या सांध्याभोवतीची कातडी सोडवली की पांढऱ्या, चिवट पट्ट्या दिसतात. स्नायूपासून येऊन हाडाला चिकटते ती कंडरा. हाडाला हाडाशी बांधतो तो अस्थिबंध. त्यांच्या खाली पातळ पिशवी असते. तिला अलगद चीर द्या. थेंबभर फिकट, चिकट द्रव बाहेर येईल. तो अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूच लांब करा: लाडवांच्या पाकासारखी एकतारी सुटते. हेच वंगण. पॅरासेल्सस नावाच्या सोळाव्या शतकातल्या वैद्याने त्याला 'सायनोव्हिया' हे नाव दिलं, कारण ते अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं दिसतं. माणसाच्या धडधाकट गुडघ्यात ते चहाच्या चमच्याहूनही कमी असतं.

आता हाडाचं टोक बघा. निळसर पांढरं, ओल्या कपबशीसारखं गुळगुळीत. ही कूर्चा. नखाने दाबली तर किंचित दबते आणि परत वर येते. तिच्या वजनाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग पाण्याचा असतो. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, नसाही नसतात. मग तिला खायला कोण घालतं? तेच वंगण. सांधा दाबला की स्पंजातून पिळावं तसं पाणी बाहेर जातं, सोडला की आत येतं, आणि त्याच्याबरोबर पोषण. म्हणून न हलणारा सांधा उपाशी राहतो. नसा नसल्यामुळे कूर्चा झिजायला लागल्याचं सुरुवातीला कळतही नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड आणि भोवतालची पिशवी.

माणसाच्या गुडघ्यात हा थर बहुतेक ठिकाणी 2 ते 4 मिलिमीटर असतो, वाटीच्या मागे जरा जास्त. एवढ्यावर आयुष्य काढायचं.

शरीरात एकूण सांधे किती?

कोणता सांधा मोजायचा यावर आकडा ठरतो, म्हणून मी एक आकडा सांगत नाही. कवटीच्या शिवणी धरल्या, दातांच्या खोबणी धरल्या की संख्या वाढते. वय वाढतं तशी काही हाडं जुळून एक होतात, की संख्या कमी होते. प्रौढ माणसात हाडं 206, पण नवजात बाळात त्याहून कितीतरी जास्त.

आपल्याकडे हा हिशेब फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 210 संधी सांगितले आहेत: हातापायांत 68, धडात 59, मानेपासून वर 83. चरकसंहितेत 200. मला आकड्यांपेक्षा सुश्रुतातली नावं आवडतात. त्याने आठ प्रकार केले आणि बहुतेकांना घरातल्या, अंगणातल्या वस्तूंची नावं दिली. खांदा आणि खुबा हे उलूखल, म्हणजे उखळ. शाळेच्या पुस्तकात आपण आजही 'उखळीचा सांधा' म्हणतो तो हाच. कवटीतला तुन्नसेवनी, म्हणजे फाटलेलं शिवल्यासारखा. जबड्याचा वायसतुंड, म्हणजे कावळ्याची चोच. दातही उलूखलातच घातले आहेत, आणि दाताची खोबण डोळ्यांसमोर आणली तर त्यात चूक काढता येत नाही.

बैलाचा मागचा गुडघा उलटा का वाकतो?

हा प्रश्न आला नाही असा माझा एकही कार्यक्रम झालेला नाही. उत्तर असं की तो गुडघाच नाही.

कुठलाही चार पायांचा प्राणी समोर आला की वरून मोजायला सुरुवात करा. एक हाड, मग सांधा. दोन हाडं, मग सांधा. त्यानंतर खड्यांसारख्या छोट्या हाडांचा गठ्ठा, मग बोटं. माणूस, वटवाघूळ, बेडूक, घोडा, कुणीही घ्या, आराखडा हाच. कुठे दोन हाडं जुळून एक झाली असतील, कुठे बोटं गळाली असतील, पण क्रम बदलत नाही.

आता बैलाचा मागचा पाय. मांडीचं एक हाड जवळजवळ धडातच लपलेलं आहे. त्याच्या खालचा सांधा, म्हणजे खरा गुडघा, पोटाच्या कडेला, कुशीच्या खाली असतो आणि आपल्यासारखाच पुढे असतो. तिथे वाटीही असते, चालताना नीट पाहिलं तर कातडीखाली सरकताना दिसते. त्याच्या खाली मागे टोक काढलेला जो 'उलटा गुडघा' तुम्ही बघता तो घोटा, आणि ते टोक म्हणजे टाच. टाच जमिनीला कधीच टेकत नाही. बैल दोन बोटांच्या नखांवर उभा असतो, खूर म्हणजे नख. कुत्रा आणि मांजर बोटांवर चालतात. आख्खा तळवा टेकून चालणारे आपण आणि अस्वलासारखे काही थोडे.

हे खरंच बघायचं असेल तर आषाढी वारीत दिवे घाटात जा. माउलींच्या रथाला तिथे जादा बैलजोड्या जुंपतात. चढावर बैल जोर लावतो तेव्हा मागची टाच वर खेचली जाते, घोटा सरळ होतो आणि सगळा रेटा नखांवर येतो. टाचेला चिकटलेली जाड कंडरा दोरखंडासारखी ताणलेली दिसते. आपण चवड्यांवर उभं राहून माळ्यावरचा डबा काढतो तेव्हा आपल्या टाचेमागे जी ताणते, तीच ही.

मग 'बैलाने गुडघे टेकले' म्हणतात ते?

तो मनगटं टेकतो. पुढच्या पायात कोपर छातीला लागून असतं आणि मधला 'गुडघा' म्हणजे मनगट. वाक्प्रचार बदलायची गरज नाही.

गाय उठताना बघा: आधी मागचा भाग उचलते, तोवर पुढे मनगटांवर टेकलेली असते. घोडा नेमका उलटा. तो पुढचे पाय आधी ताठ करतो, क्षणभर कुत्र्यासारखा बसतो आणि मग मागून उठतो.

भिगवणच्या फ्लेमिंगोचा गुडघा?

उजनी धरणाच्या पाण्यात उभ्या फ्लेमिंगोच्या काड्यांसारख्या लांब पायांच्या मधोमध जी गाठ दिसते ना, तो घोटा. गुडघा वर पिसांत आहे, दुर्बिणीतूनही दिसणार नाही. विश्वास बसत नसेल तर ताटातला चिकनचा लेग पीस घ्या. मांडी आणि तंगडी जिथे जुळतात तो गुडघा, आणि तंगडीच्या खालच्या टोकाला, जिथून खवल्यांचा पिवळा पाय तोडलेला असतो, तो घोटा. दोन्हीकडे पांढरी चकचकीत कूर्चा दिसेल. मी जेवताना हे सांगू नये असं घरचं मत आहे.

घोडा उभ्याने झोपतो, पडत कसा नाही?

त्याच्या खऱ्या गुडघ्यात कडी आहे. वाटीला तीन अस्थिबंध असतात. आतल्या बाजूच्या दोघांमध्ये एक फास तयार होतो आणि मांडीच्या हाडाच्या टोकावर एक मोठा उंचवटा असतो. घोडा वाटी किंचित वर खेचतो, फास उंचवट्यावर अडकतो, पाय लॉक. स्नायूंना फारशी मेहनत नाही. एक मागचा पाय लॉक करून दुसरा सैल सोडायचा, मग अदलाबदल. गाढ, स्वप्नांची झोप मात्र त्याला आडवं पडूनच घ्यावी लागते.

बैलाची वाटीही अशीच अडकू शकते, पण नको तेव्हा. मग मागचा पाय मागे ताठ राहतो, खुराचं टोक जमिनीवर घासत जातं आणि झटक्यासरशी पाय सुटतो. गावाकडे हे बैल पाहिलेले असतील. जनावरांचे डॉक्टर आतल्या बाजूचा तो एक अस्थिबंध छोट्याशा छेदातून कापतात आणि बहुतेकदा जनावर लगेच सरळ चालायला लागतं. मी एकदा समोर उभा राहून पाहिलंय. शेतकऱ्याच्या तोंडून शब्द फुटेना.

आपल्याकडेही लहानशी कडी आहे. पाय पूर्ण सरळ करताना शेवटच्या टप्प्यात गुडघा थोडासा वळतो आणि घट्ट बसतो, म्हणून पीएमटी बसच्या रांगेत (आताची पीएमपी, पण जीभ ऐकत नाही) तासभर उभं राहता येतं. वाकवताना गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू ती कडी काढतो. मागून कुणी गुडघ्याच्या लवणीत टिचकी मारली की आपण कोसळतो तेही यामुळेच: कडी निघालेली असते आणि स्नायू बेसावध असतात.

गाय बाजूला लाथ मारते, घोडा मागे. का?

घोड्याच्या खुब्यात एक जादा अस्थिबंध असतो, तो पाय बाहेर फाकू देत नाही. गाईला तो नाही. धार काढणाऱ्याला हे पुस्तकाशिवाय माहीत असतं.

हत्तीला चार गुडघे असतात हे खरं का?

नाही. दोनच, मागच्या पायांत. पुढचे दोन मनगटं आहेत. हत्तीची मांडी लांब असल्यामुळे गुडघा खाली, दिसेल असा येतो आणि चारी सारखे वाटतात. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेलात तर वरून मोजून बघा.

मांजर एवढ्याशा फटीतून कसं जातं?

आपलं गळपट्टीचं हाड खांद्याला छातीशी जोडून ठेवतं. मांजरात ते काडीएवढं उरलंय आणि कशालाच जोडलेलं नाही. घोड्यात, गाईत तर नाहीच. त्यांचा पुढचा पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेलाच नसतो, नुसत्या स्नायूंच्या झोळीत धड टांगलेलं असतं. त्यामुळे डोकं गेलं की मांजराचे खांदे मागून येतात.

बोटं मोडल्याने संधिवात होतो का?

आजी ओरडायची, मीही ओरडलोय, पण पुरावा नाही. बोट ओढलं की सांध्याच्या पिशवीतली जागा वाढते, दाब एकदम कमी होतो आणि वंगणात विरघळलेला वायू पोकळी करून बाहेर येतो. आवाज त्या वेळचा. सोड्याची बाटली उघडताना होतं त्याच जातीचं. वायू परत विरघळायला साधारण वीस मिनिटं लागतात, म्हणून तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही.

डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकी डॉक्टरने पन्नासहून अधिक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजव्याची सोडली. दोन्ही हातांत फरक पडला नाही. 2009 मध्ये त्याला इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळालं. एका माणसावरचा प्रयोग तो, पण चिकाटीला दाद द्यायला हवी. आवाजाबरोबर दुखत असेल किंवा सांधा अडकत असेल तर गोष्ट वेगळी.

साप भक्ष्य गिळताना जबडा निखळवतो का?

नाही. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीशी जुळलेले नसतात, नुसत्या ताणणाऱ्या पट्टीने बांधलेले असतात. शिवाय जबडा आणि कवटी यांच्यामध्ये एक जादा हलणारं हाड असतं. डावी बाजू पुढे, उजवी बाजू पुढे, असं करत तो उंदरावर चालत जातो म्हणा ना.

ते जादा हाड लक्षात ठेवा, कारण शरीरशास्त्रातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तिथे आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांत जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांमध्ये असतो, ती सस्तन प्राण्यांपर्यंत येता येता लहान होत गेली आणि मधल्या कानात जाऊन बसली. हातोडी आणि ऐरण. आपला जबडा दुसऱ्या हाडांवर नव्याने बसला. तुम्ही हे कुणाकडून वाचून घेऊन ऐकत असाल, तर आवाज तुमच्या पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यातून आत येतोय.

घुबडाची मान पूर्ण फिरते म्हणे?

पूर्ण नाही, एका बाजूला सुमारे 270 अंश. मानेत 14 मणके असतात, आपल्या दुप्पट. शिवाय पक्ष्याची कवटी मानेवर एकाच गोल उंचवट्यावर टेकते. आपली दोनांवर, म्हणून 'हो' म्हणणं तिथे होतं आणि 'नाही' त्याच्या खालच्या सांध्यात. जिराफाच्या मानेत मात्र मणके सातच, तुमच्याआमच्याइतके.

खेकड्याला हाडंच नाहीत, मग सांधे?

आहेत, पण आतबाहेर उलटे. हाडाच्या जागी बाहेरचं कवच, आणि स्नायू आत. खेकड्याचा नांगा कच्चा असतानाच हातात घ्या: दोन कडक नळ्यांच्या मध्ये पातळ मऊ पडदा दिसेल, आणि दोन्ही बाजूंना बिजागरीचे टोकदार खिळे. एक सांधा एकाच दिशेत हलतो, म्हणून खेकडा पुढच्या सांध्याची दिशा बदलून भागवतो. कोळ्याची गंमत वेगळी. त्याच्या पायात मुख्य सांधे सरळ करणारे स्नायूच नसतात, तो शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवून पाय ताणतो. मेलेला कोळी पाय मुडपून का पडलेला असतो ते आता कळलं असेल.

बाळाला गुडघ्याची वाटी नसते का?

असते, कूर्चेची. हाड साधारण तिसऱ्या वर्षापासून धरायला लागतं. एक्स-रेत दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं नाहीच.

पद्मासनात गुडघा दुखतो. चूक कुठे होते?

बहुतेकदा खुब्यात. गुडघा मुख्यतः बिजागरी आहे. वाकलेला असताना थोडा वळतो, पण थोडाच. मांडी बाहेर फिरवायचं काम उखळीचं. ती आखडलेली असली आणि पाय हाताने ओढून वर ठेवला की उरलेलं वळण गुडघ्याच्या आतल्या गादीला, म्हणजे दोन हाडांमधल्या कूर्चेच्या चकतीला, सोसावं लागतं. बी. के. एस. अय्यंगारांनी इथे पुण्यात घोंगड्या, विटा, पट्टे यांचा आधार घेऊन आसनं शिकवायची जी पद्धत रुळवली, तिचं शहाणपण मला शरीरशास्त्राच्या बाजूनेही पटतं: सांध्याला जमत नसेल तर खालची जमीन वर आणा.

पाया सूप प्यायल्याने गुडघ्यात वंगण येतं का?

सूप गार झाल्यावर जेलीसारखं थिजतं ते कंडरा आणि कूर्चेतल्या कोलॅजनमुळे. पण पोटात गेल्यावर त्याचे बारीक तुकडे होतात आणि शरीर ते हवे तिथे वापरतं. गुडघ्याचा पत्ता त्यांच्यावर लिहिलेला नसतो. प्या, चांगलं लागतं.

सिंहगड चढताना काही होत नाही, उतरताना गुडघे का बोलतात?

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. कृत्रिम गुडघ्यांत मापक बसवून हे मोजलेलं आहे: सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार, जिना उतरताना साडेतीनपट. माझं स्वतःचं सांगतो. पन्नाशीत पिठलं-भाकरी आणि दोन मडकी दही रिचवून गड धावत उतरलो, शेवटच्या वळणावर पाय मुरगळला, गुडघ्यातली गादी फाटली. चार महिने जिना एकेक पायरी. काठी न्या, पावलं छोटी टाका.

इनामगावच्या सांगाड्यांचे पाय तोडलेले होते, ते का?

पुण्याच्या मुलांना हा प्रश्न पडतो याचा मला अभिमान आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. मोठ्या माणसांना घराच्या जमिनीखालीच पुरायचे, आणि बऱ्याच सांगाड्यांची पावलं घोट्यापासून काढलेली सापडली. मेलेल्याने उठून चालत जाऊ नये म्हणून, असा अर्थ अभ्यासक लावतात.

मी ते वाचलं तेव्हा मला खाटकाची सुरी आठवली. हाड तोडायचं नाही, सांधा शोधायचा. त्याच गावकऱ्यांकडे गाई-बैल होते, ते त्यांचं मांस खात होते, हाडांवर सुरीचे वार सापडतात. सांधा कुठे असतो हे त्यांच्या बोटांना रोजच्या कामातून माहीत असणार.

डब्यातली हाडं कुठून आणता, कशी साफ करता?

खाटकाकडून आणि स्वयंपाकघरातून, बस. रानातल्या प्राण्यांची हाडं उचलू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अडकाल. हाडं मंद आचेवर शिजवायची, खळखळ उकळायची नाहीत, नाहीतर चरबी आत मुरते. मऊ भाग ब्रशने काढायचा, कपड्यांच्या पावडरच्या पाण्यात दोन-चार दिवस ठेवायची, मग केमिस्टकडच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये. ब्लीच नको, हाड ठिसूळ होतं. आणि हे सगळं करायच्या आधी शेजारच्या काकूंना सांगून ठेवा.